जिवंत झाडातली शेती
(बुरशीचे शेतकरी : लेखांक पाचवा)

गेल्या आठवड्यात आपण वारुळात होतो. वाळवी काडीकचरा चघळून त्यावर बुरशी पिकवते आणि पावसाळ्यात त्याच वारुळावर उगवलेल्या अळंब्या आपण हौसेने शिजवतो, असा तो एकंदरीत सुखाचा मामला होता. ती शेती मुख्यतः मेलेल्या लाकडावरची, त्यामुळे जंगलाची त्याबद्दल फारशी तक्रार नसते. या आठवड्याचा शेतकरी मात्र उभ्या, हिरव्या झाडात शिरतो, आत बुरशी लावतो, आणि एकाच उन्हाळ्यात झाड वाळून जातं.

त्याला भेटायला जपानला जावं लागेल. होन्शू बेटाच्या जपान समुद्राकडच्या अंगाला यामागाता, निईगाता, फुकुई, क्योतो अशा प्रांतांतून ओकची जंगलं पसरलेली आहेत. जुलै संपता संपता तिथल्या हिरव्यागार डोंगरउतारांवर मधूनच तांबूस-तपकिरी ठिपके दिसू लागतात. नवख्या माणसाला वाटतं, पानझडीचे रंग यंदा लवकरच आले. जवळ गेलं की खरा प्रकार कळतो. पानं झडलेली नसतात, जागच्या जागी वाळून लटकत असतात, आणि बुंध्याशी फिकट भुशाचा ढीग साचलेला असतो. जपानी लोक या मरीला ‘नारागारे’ म्हणतात. नारा म्हणजे पानझडी ओक. त्यातले मुख्य दोन, थंड डोंगरावरचा मिझुनारा आणि गावालगतच्या टेकड्यांवरचा कोनारा.

बुंधा नीट पाहिला तर सालीवर भोकं दिसतात. दात कोरायची काडी जेमतेम जाईल, एवढी एकेक. एका खोडावर ती शेकड्यांनी असतात. खालचा भुसा चिमटीत घेऊन पाहावा. तंतूतंतूंचा असेल तर नुकतंच कुणीतरी आत खणायला लागलं आहे. पिठासारखा असेल तर आत अळ्या वाढताहेत, म्हणजे संसार थाटून झालेला आहे. जाणकार वनकर्मचारी एवढ्यावरून झाडाची पत्रिका मांडतात.

खणणारा किडा म्हणजे प्लॅटिपस क्वेर्सिव्होरस नावाचा भुंगेरा. जेमतेम पाच मिलिमीटर लांब, तपकिरी, नळकांड्याच्या आकाराचा. लाकडात बोगदे काढण्यासाठीच घडवलेलं शरीर. तिकडे त्याला लाडाने म्हणा की वैतागाने, ‘काशिनागा’ म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

जूनच्या सुमारास, सकाळच्या वेळी, जुन्या झाडातून नवे भुंगेरे बाहेर पडतात. आधी नर झाड निवडतो आणि साल फोडून सरळ आत बोगदा काढू लागतो. खोदकाम जमायला लागलं की तो एक गंध सोडतो. रसायनशास्त्रज्ञांनी तो वेगळा काढून त्याला ‘क्वेर्सिव्होरॉल’ असं नाव दिलं आहे. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना कामगंध सापळे माहीत आहेत. पण त्या सापळ्यांतला गंध सहसा मादीचा असतो आणि त्यावर फक्त नर येतात. काशिनागाच्या गंधावर नर आणि माद्या दोघंही येतात, त्यामुळे एकाने निवडलेल्या झाडावर थोड्याच दिवसांत झुंबड उडते. भोकाशी आलेली मादी आणि आतला नर अगदी बारीक आवाज करून एकमेकांची ओळख पटवतात. मग नर मागे सरत बाहेर येतो, मादी आत जाऊन बोगद्यात फिरते, आणि मगच भोकाच्या तोंडाशी मीलन होतं. त्यानंतर मादी आत, नर तिच्या मागे. पुढे तो भुसा बाहेर लोटत आणि दार अडवून तिथेच राहतो. बाप म्हणून त्याच्याविषयी फारसं वाईट बोलता येणार नाही.

बियाणं मादीकडे असतं. तिच्या पाठीच्या पुढच्या भागावर पाच-दहा बारीक गोल खळगे असतात. जन्मगावच्या बोगद्यातली बुरशी ती या खळग्यांत भरून आणते आणि नव्या बोगद्याच्या भिंतींना लावते. लाकडात पोषण इतकं तुटपुंजं की नुसतं लाकूड खाऊन अळ्या पोसल्या जाणार नाहीत. म्हणून लाकूड बुरशीने खायचं आणि बुरशी अळ्यांनी. मोठ्या झालेल्या अळ्या स्वतः बोगदे वाढवतात, भुसा मागे ढकलतात आणि धाकट्या भावंडांचीही साफसफाई करतात. हिवाळा त्या तिथेच काढतात आणि पुढच्या जूनमध्ये सगळा पोरवडा आईबापांनी पाडलेल्या त्याच भोकातून बाहेर पडतो.

अशा भुंगेऱ्यांच्या बोगद्यांतला पांढरा थर १८३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या श्मिडबर्गर यांनी पाहिला. हे काय असावं हे न उमगल्याने त्यांनी त्याला ‘अँब्रोसिया’, म्हणजे ग्रीक देवांचं अन्न, असं नाव देऊन टाकलं. ती बुरशी आहे हे १८४४ मध्ये जर्मन वनशास्त्रज्ञ थिओडोर हार्टिग यांनी ओळखलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच; बुरशी पिकवणाऱ्या या साऱ्या भुंगेऱ्यांना आजही अँब्रोसिया भुंगेरे म्हणतात. माणसाच्या शेतीला दहा-बारा हजार वर्षं झाली. यांची काही कोटी वर्षांपूर्वीपासून चालू आहे.

यातले बहुतेक भुंगेरे मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या झाडावर समाधानी असतात. काशिनागा धडधाकट झाडावर जातो, आणि त्याच्या सामानात रॅफेलिया क्वेर्सिव्होरा नावाची बुरशी असते. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं. सालीलगतच्या ओल्या, पांढऱ्या लाकडातून झाड पाणी वर चढवतं. बुरशी बोगद्यांवाटे नेमकी त्याच लाकडात पसरते. तिला रोखायला झाड आपल्याच पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवून टाकतं. एखाददुसऱ्या भोकापुरता हा उपाय उत्तम आहे. पण शेकडो भोकांभोवती एकाच वेळी नळ्या बुजू लागल्या की खोडाचा आडवा छेद तपकिरी पडत जातो आणि पाणी वर जाण्याची वाटच उरत नाही. त्यात जुलै-ऑगस्टचं ऊन, पानांची पाण्याची मागणी जोरात. एकदा वाट बंद झाली की काही दिवसांत माथा तांबडा होतो. झाड बुरशीने मरतं की स्वतःच्या बचावाने, हा प्रश्न मला उगाच छळत राहतो. संशोधक त्यावर फार वेळ घालवत नाहीत. मिझुनारा यात पटापट मरतात, कोनारा त्यामानाने तग धरतात. पहिल्या हल्ल्यातून जे वाचतं, ते लाकूड पुढच्या पिढ्यांना तितकं मानवत नाही, त्यामुळे ते झाड पुढेही बऱ्याचदा टिकतं.

सांगोला-पंढरपूरकडच्या वाचकांना हे वर्णन ओळखीचं वाटलं असेल. डाळिंबाच्या खोडावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं, त्यातून येणारा भुसा आणि बघता बघता सुकणारी बाग, हे त्यांनी गेल्या काही वर्षांत पाहिलं आहे. ज्याला आपले बागायतदार पिनहोल बोरर किंवा शॉट होल बोरर म्हणतात, तोही अँब्रोसिया भुंगेराच. काशिनागाचा चुलतभाऊ म्हणा; आकाराने आणखी लहान, आणि बोगदा काढायचं काम तिथे माद्या करतात. त्यांच्या शेतीलाही झाडाच्या मरीची जोड असते. खोडाला गेरू आणि कीटकनाशकाचा लेप देणारा शेतकरी जे करू पाहतो, तेच जपानमध्ये डोंगरच्या डोंगर भरून करायची वेळ आली आहे.

आता मूळ प्रश्न. काशिनागा जपानमध्ये बाहेरून आलेला नाही. तो तिथलाच आहे. क्यूशू बेटावर त्याने ओक मारल्याच्या नोंदी १९३० च्या दशकातल्या आहेत. पण तेव्हाच्या मरी थोड्या जागेत उद्भवायच्या आणि विझायच्या. १९८० च्या दशकापासून मात्र जपान समुद्राच्या किनाऱ्याने ती वर्षागणिक पसरत गेली. २०१० मध्ये वर्षभरात मेलेल्या ओकचं लाकूड सुमारे ३ लाख ३० हजार घनमीटर भरलं. मग जरा उतार पडला, आणि २०२० मध्ये पुन्हा सुमारे १ लाख ९० हजार घनमीटर. तोवर मर तोक्यो आणि कानागावाच्या बागांपर्यंत पोचली होती. क्योतोच्या पूर्वेच्या हिगाशियामा टेकड्या, ज्यांच्या पायथ्याशी गिंकाकुजी आणि कियोमिझू ही मंदिरं आहेत, त्यांनाही ती चुकली नाही. किडा जुना, झाड जुनं, मग हे आत्ताच का?

उत्तर झाडांच्या वयात आहे. गावालगतच्या या टेकड्यांना जपानमध्ये सातोयामा म्हणतात. शेकडो वर्षं तिथून गावाला सरपण, कोळसा आणि शेतात टाकायला पालापाचोळा मिळत होता. कोनाराचं खोड जमिनीलगत कापायचं, बुंध्यातून फुटवे येऊ द्यायचे, पंधरा ते तीस वर्षांनी ते पुन्हा कापायचे. आपल्या कोकणात राबासाठी आईन-किंजळाचं कवळ तोडतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे फांद्या जातात, तिथे अख्खं खोड जायचं. डोंगर सतत वापरात होता, त्यामुळे डोंगरावर म्हातारं झाड फारसं नव्हतं. १९५० नंतर घरोघरी रॉकेल, गॅस आणि वीज आली, शेतात रासायनिक खत आलं, आणि दहा-पंधरा वर्षांत टेकड्यांची गरजच संपली. कुऱ्हाडी बंद झाल्या. झाडं वाढत गेली, जाड झाली, साठ-सत्तर वर्षांची झाली.

काशिनागाला नेमकं हेच हवं होतं. बारीक खोड लवकर सुकतं, त्यात बोगद्याला खोली मिळत नाही, पिल्लं थोडी निपजतात. जाड खोडात ओलं लाकूड भरपूर. अशा एका झाडातून पुढच्या वर्षी हजारोंनी भुंगेरे निघतात. पूर्वी त्यांना अशी झाडं डोंगरात तुरळक सापडायची. आता अख्खी टेकडी एका वयाची आणि त्यांच्या मापाची.

हे लिहिताना मी जरा जपून आहे, कारण उद्या एखादा लाकूड-ठेकेदार हेच कात्रण घेऊन वनखात्याच्या दारात उभा राहील. जुनं, माणसाने न हाताळलेलं जंगल तोडा, असं यातून निघत नाही. सातोयामा हे तसं जंगल कधी नव्हतंच. ते पीक होतं, फक्त त्याचा हंगाम वीस वर्षांचा होता. पीक उभं ठेवून शेतकरी निघून गेला, आणि आपण लांबून पाहून म्हणालो, वा, किती दाट जंगल झालं! या दाट हिरव्या रंगावर इतका भरवसा ठेवू नये, एवढंच माझं म्हणणं.

मर आली की मागोमाग इतर मंडळीही येतात. जखमी खोडातून रस पाझरतो, त्यावर गांधीलमाश्या जमतात आणि बागेत फिरायला येणाऱ्यांची पंचाईत होते. त्याहून घातक ‘काएनताके’ नावाची अळंबी. मेलेल्या ओकच्या बुंध्याशी मातीतून लालभडक बोटं वर यावीत तशी ती उगवते. ती खाऊन जपानमध्ये माणसं दगावली आहेत, आणि तिचा रस कातडीला लागला तरी आग होते असं सांगतात. एरवी ती विरळा दिसते. नारागारेनंतर ठिकठिकाणी दिसू लागली, आणि उद्यानांत ‘हात लावू नका’ अशा पाट्या लागल्या.

उपाय पुष्कळ चालले आहेत. मेलेलं झाड कापून, लाकडाला ताडपत्रीखाली औषधाची धुरी देतात. मौल्यवान झाडांच्या बुंध्याला चिकट कापड किंवा प्लास्टिक गुंडाळतात. प्लास्टिकच्या बाटल्या एकाखाली एक जोडून सापळे करतात. यामागातामध्ये ओकच्या ओंडक्यांची रास रचून तिला काशिनागाचा गंध लावतात. भुंगेरे तिथे शिरले की सगळी रास यंत्रात घालून तिचा चुरा करतात. आणि क्योतोकडे स्वयंसेवक चक्क दात कोरायच्या काड्या घेऊन भोकं बुजवत बसतात. हसू येतं खरं, पण भोक आणि काडी यांचं माप असं जुळतं की दार बंद झालेलं कुटुंब आत अडकतं. देवळाच्या आवारातलं एखादं झाड यातून वाचवता येतं. डोंगर वाचवायला एवढ्या काड्या आणायच्या कुठून?

डोंगरासाठी संशोधक सांगतात ते एकच: पुन्हा कापायला लागा, जंगल तरुण करा. इथे अडचणी सुरू होतात. कोनाराचा फुटवा तरुण बुंध्यातून जोरात येतो. साठ-सत्तर वर्षांचं खोड कापलं तर बऱ्याचदा फुटतच नाही. आला फुटवा, तर हरणं खातात. जपानमध्ये हरणांची संख्या गेल्या काही दशकांत बेसुमार वाढली आहे, त्यामुळे कापल्या जागेला कुंपण घालावं लागतं. आणि कापलेल्या लाकडाला गिऱ्हाईक हवं. शिताके अळंबी वाढवायला कोनाराचे ओंडके लागतात, तेवढा एक धंदा बऱ्यापैकी टिकून होता. त्या ओंडक्यांचा देशभर मोठा पुरवठा फुकुशिमाच्या डोंगरांतून होई. २०११ च्या अणुदुर्घटनेत तिथल्या झाडांवर सीझियम बसलं, ओंडके विकणं बंद झालं, आणि अजून कापली जाणारी ती थोडी जंगलंही आता जाड होत चालली आहेत.

पुढच्या आठवड्यात दक्षिण अमेरिकेतल्या पानं कापणाऱ्या मुंग्या.