पोराच्या नावावरची ठेव

बँकेत उभी हयात घालवलेल्या माणसाला माणसं आठवतात ती त्यांच्या कागदांवरून. चेहरे पुसट होतात; पण कुणाची सही कशी वाकडी होती, कुणाच्या पासबुकाला कसे हळदीचे डाग होते, ते राहून जातं. अशीच एक मुदत ठेवीची पावती गेली वीस वर्षं माझ्या डोळ्यांपुढून हललेली नाही. रक्कम २२ हजार रुपये.

साल २००४. मी मुरबाड तालुक्यातल्या एका शाखेचा व्यवस्थापक होतो. कल्याणहून येणारा रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटाला भिडतो. त्या रस्त्याच्या अल्याड-पल्याडची गावं आणि वाड्या हे आमचं कार्यक्षेत्र. भातशेती, थोडी भेंडी, काहींना मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काम, आणि दिवाळी सरली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टीवर निघणारी कातकरी-ठाकर कुटुंबं. अशा ठिकाणी २२ हजारांची ठेव ही लहान गोष्ट नव्हती.

पावती घेऊन आलेली बाई चाळिशीची असेल. घाटाच्या पायथ्याकडच्या गावातून पहिल्या एसटीनं आली होती. नवरा आदल्या वर्षी वारलेला. त्यानं कारखान्यातल्या पगारातून साठवून मुलाच्या नावावर पैसे ठेवले होते. पावतीवर मुलाचं नाव आणि खाली 'अज्ञान, पालक वडील'. मुदत भरली होती. पण दरम्यान दोन गोष्टी घडल्या होत्या. पालक गेला होता, आणि अज्ञान मुलगा १९ वर्षांचा झाला होता.

"मुलाला घेऊन या, त्याची सही लागेल," मी म्हणालो.

"साहेब, तो सही करील कशी? त्याला घास मी भरवते."

"मग अंगठा?"

"अंगठा तुम्ही धराल तिथं उठंल. पण त्याला त्यातलं कळनार काय?"

नकळत तिनं मला कायदाच सांगितला होता. आपण कशावर अंगठा उठवतो आहोत हे ज्याला कळत नाही, त्याचा अंगठा घेऊन पैसे देता येत नाहीत. मी नियमांचं पुस्तक चाळलं आणि निर्वाळा दिला, "कोर्टाकडून पालक नेमल्याचा हुकूम आणा." ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मी आय हाय ना त्याची!"

आई असणं आणि कायद्यानं पालक असणं या दोन गोष्टी मूल १८ वर्षांचं होईपर्यंत एकच असतात. त्यानंतर आई-बापही कायद्याच्या लेखी आपोआप पालक राहत नाहीत, मग मुलाचं वय मनानं दोन वर्षांचं का असेना. हे तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण तेवढंच ठाऊक होतं. त्यापुढचं ठाऊक करून घ्यावं असं मला वाटलं नाही.

ती दोनदा ठाण्याला जाऊन आली. एसटीनं कल्याण, तिथून लोकल. मुलाला शेजारणीच्या ओटीवर ठेवून जायचं. तो सरकत रस्त्यावर जाऊ नये म्हणून त्याच्या पायात दोरी बांधून ती खांबाला अडकवायची. हे तिनं मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही मान खाली घालून. वकिलाच्या फीचा आकडा ऐकून ती परत आली. पौषात म्हसा गावी जत्रा भरते. गुराढोरांचा मोठा बाजार असतो. त्या जत्रेत तिनं बैलजोडी विकली. बँकेत पैसे असलेल्या बाईनं मुलाच्या फिटच्या गोळ्यांसाठी बैल विकले, आणि त्या बँकेचा व्यवस्थापक मी होतो!

नंतर एके दिवशी ती पुन्हा आली, पण एकटी नव्हती. बरोबर किन्हवलीकडची एक बाई होती. शहापूरहून किन्हवलीमार्गे येणारा रस्ता सरळगावला आमच्या रस्त्याला मिळतो. तिथं एसटीची वाट बघताना दोघींची गाठ पडली होती. दोघींच्या कडेवर मोठी पोरं. ओळख व्हायला तेवढं पुरलं. किन्हवलीच्या बाईंच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. मेंदूला इजा झाल्यानं हातपाय ताठरलेले. त्या कधीतरी डोंबिवलीला पालकांच्या एका बैठकीला जाऊन आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचे चार कागद काढले आणि माझ्या टेबलावर ठेवले. "साहेब, हे जरा वाचता का?"

तो १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा होता. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, तेव्हाच्या भाषेत मतिमंदत्व, आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केलेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अशा सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमायचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला आहे. जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती, अशी ती समिती. अर्ज साधा, वकिलाची गरज नाही. कायदा होऊन पाच वर्षं झाली होती आणि मी त्या बाईला कोर्टाची वाट दाखवली होती.

पुढं समितीचं प्रमाणपत्र मिळायला चार महिने गेले आणि ते आमच्या वरिष्ठ कार्यालयाच्या गळी उतरवायला आणखी दोन. पैसे मिळाले. बैल परत आले नाहीत. २००७ साली रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून ही प्रमाणपत्रं खातं उघडण्यासाठी आणि चालवण्यासाठी ग्राह्य धरायला सांगितलं. ते वाचताना माझ्या मनात आलं, की हे परिपत्रक एका बाईनं तीन वर्षांपूर्वीच झेरॉक्स करून माझ्या टेबलावर ठेवलं होतं.

तेव्हापासून मी या विषयाचं मिळेल ते वाचत आलो. आपल्याकडे या क्षेत्रात जे काही उभं राहिलं, त्याच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी एखादी आई किंवा बाप आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली ती वकील दांपत्यानं आपल्या जय नावाच्या मुलीसाठी. तिला डाऊन सिंड्रोम होता. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, कारण त्यांच्या मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिच्यासाठी योग्य शाळाच नव्हती. १९९५ साली देशभरच्या पालक संघटनांनी मिळून 'परिवार' हा महासंघ केला. १९९९ च्या कायद्यामागं याच पालकांचा धोशा होता. 'आमच्यामागं कोण?' हा त्यांचा एकच प्रश्न होता. लांब कशाला, मुरबाडच्या शेजारी बदलापूरला 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणीला 'घरकुल' ही मोठ्या झालेल्या मुलांची घरं पालकांनीच एकत्र येऊन उभी केली आहेत.

पण अशी घरं उभी करायला पेन्शन लागते, फंड लागतो, अर्ज लिहिता येणारा हात लागतो. शहापूर-मुरबाडच्या आईकडे यांतलं काय आहे?

या भागाचं एक दुखणं सगळ्यांना माहीत आहे. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यात; त्यांचं पाणी मुंबई पितं, आणि धरणांच्या शेजारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. सरकारी योजनांचंही मला तसंच दिसतं. योजना नाहीत असं नाही. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. ६ ते १८ वर्षांच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. संजय गांधी निराधार योजनेची मदत २०२३ साली दीड हजार झाली, आणि २०२५ साली सरकारनं ती दिव्यांगांसाठी अडीच हजार करायचा निर्णय घेतला. 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. एसटीत सवलत आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. २०२२ साली राज्यानं दिव्यांगांसाठी स्वतंत्र खातंही काढलं. जलवाहिनी दारावरून गेली आहे. दारात नळ नाही, एवढंच!

हा नळ बसवण्याचं काम मी गेल्या काही वर्षांत या दोन तालुक्यांत होताना पाहिलं आहे. त्याला ना नाव आहे, ना नोंदणी. निवृत्तीनंतर मी कल्याणला स्थायिक झालो आणि एकदा सहज त्या बाईंची चौकशी करायला गेलो. तिथून किन्हवलीच्या ताईंचा पत्ता लागला. बाजाराच्या दिवशी दहा-बारा आया एकत्र बसतात, कधी मुरबाडला तर कधी किन्हवलीला. बाप कमी येतात. एक-दोघं येतात ते लांब बिडी ओढत बसतात, पण हल्ली तेही कान देऊ लागलेत.

या बैठकीत भाषण नसतं. पोराला आडवं झोपवून भरवू नका, घास श्वासात जातो. बसतं करून, मान थोडी पुढं ठेवून भरवा, हे एक आई दुसरीला करून दाखवते. गावच्या सुताराकडून तीन बाजूंनी आधार असलेली खुर्ची कशी करून घ्यायची, ते तिसरी सांगते. २०२१ पासून अपंगत्वाचं प्रमाणपत्र ऑनलाइन झालं. त्याचा अर्ज कुणाच्या मुलानं भरून दिला, तपासणीला कुठल्या वारी जायचं, कुठला कागद विसरला की हेलपाटा पडतो, याची उजळणी होते. वीटभट्टीवर निघालेल्या आईला सगळ्याजणी मिळून बजावतात, "फिटच्या गोळ्या मोजून ने. एक दिस बी खंड पाडू नको." गोळी अचानक बंद झाली की झटके उसळतात, हे त्यांना कुणा पुस्तकानं सांगितलेलं नाही. भट्टीवरून परत न आलेल्या एका पोरानं सांगितलं आहे.

त्यांतल्या एकीनं ग्रामसभेत उभं राहून ५ टक्क्यांचा हिशेब विचारला. लहान ग्रामपंचायत, तिचं उत्पन्न ते केवढं. पाच टक्के म्हणजे काही हजार. पण ग्रामसेवकानं दप्तर उघडलं आणि गावात दिव्यांग किती, याची पहिल्यांदा मोजणी झाली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्या आकड्यात ओटीवर खांबाला बांधलेली मुलं आली असतील का, असा प्रश्न मला पडतो. दार लावून घेतलेल्या घरातलं मूल मोजायचं, तर आधी त्या आईला दार उघडावंसं वाटलं पाहिजे. भगताचा अंगारा, 'मागल्या जन्मीचं पाप', सासूचे टोमणे, हे सगळं त्या दाराला लागलेलं असतं. सरकारी माणसाच्या हाकेला ते उघडत नाही. कडेवर तसंच पोर असलेली दुसरी बाई आली, की उघडतं.

या बायकांची एक वही आहे. साधी, दोनशे पानी. प्रत्येक मुलाला एक पान. मी खातेवह्या पाहिलेला माणूस, तेव्हा रकाने आखून द्यायचं काम माझ्याकडे आलं. नाव, जन्मतारीख, प्रमाणपत्राचा क्रमांक, आधार, बँक खातं, पेन्शन, औषध. मी थांबलो. किन्हवलीच्या ताई म्हणाल्या, "साहेब, आणिक तीन रकाने पायजेत. काय खातो. कशाला भितो. आन् आईच्या मागं कोण."

बँकेत आम्ही ठेवीला वारस लावून घेत असू. नामनिर्देशनाचा रकाना रिकामा राहिला तर गिऱ्हाइकाला टोकत असू. माणसाला वारस लावून घ्यावा लागतो, हे मी इथं शिकलो.

उत्तर सोपं नाही, हेही सांगितलं पाहिजे. शेवटचा रकाना अनेक पानांवर रिकामाच आहे. भाऊ असतो, पण भावजय कशी निघेल कोण जाणे. मावशी असते, पण तिचंच भागत नाही. पालकत्व म्हणजे मालकी नव्हे. जमिनीच्या तुकड्यासाठी पुढं झालेला काका आणि खरोखर सांभाळणारा काका यांतला फरक वहीतून कळत नाही. आणि दहा-बारा गरीब आया एकमेकींना पुरून उरतील असं म्हणून शासनाला नामानिराळं होता येणार नाही. तालुक्यात राहण्याची सोय हवी, उपचार देणारं माणूस हवं. ते मागायला मात्र या बायका आता एकट्या जात नाहीत.

आपल्यापैकी कितीतरीजण माझ्यासारखे निवृत्त आहेत. कारकून, शिक्षक, तलाठी, परिचारिका. जन्मभर ज्या अर्जांत आपण लोकांच्या चुका काढल्या, ते अर्ज महिन्यातून एक दिवस भरून द्यायला काय हरकत आहे? मी जातो तो काही उपकार करायला नव्हे. माझ्याकडे एका बैलजोडीचं देणं आहे.

गेल्या पौषात त्या बाईंच्या घरी गेलो होतो. मुलगा आता चाळिशीचा. दाढी पांढरी होऊ लागली आहे. त्या साठी ओलांडलेल्या. ओटीवरच्या खांबाला दोरी नव्हती; मुलगा सुतारानं केलेल्या खुर्चीत बसून रस्त्यावरच्या एसट्या बघत होता. वहीतलं त्याचं पान मी उघडलं. खातो, नाचणीची भाकरी दुधात कुस्करून. भितो, कुकरच्या शिट्टीला. शेवटच्या रकान्यात पुतणीचं नाव होतं, तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेलं.

मी सवयीनं विचारलं, "सही घेतलीत का तिची?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "घेतलीय साहेब. यंदा तुमच्या पुस्तकाप्रमानं सगळं बराबर हाय."