उमेदवारीचा अर्ज लिहिताना

मुलगी वकिलीला जाते म्हणाली की आपल्या डोळ्यांपुढे काळा कोट आणि तालुक्याच्या कोर्टाचं आवार उभं राहतं. पण या शिक्षणातून आणखी एक वाट फुटते, ती मुंबईच्या फोर्ट किंवा लोअर परळकडे जाते. तिथे मोठमोठ्या लॉ फर्म आहेत. त्यांतले बरेच वकील कोर्टाची पायरी क्वचितच चढतात. एक कंपनी दुसरीला विकत घेते, बँक कारखान्याला कर्ज देते, बिल्डर जमीन घेतो, तेव्हा करारनामे तयार करायचे आणि सह्या होण्याआधी सगळे जुने कागद तपासून कुठे पाणी मुरतंय ते शोधायचं, हे त्यांचं काम.

अशा ठिकाणी शिकाऊ म्हणून शिरायचं तर अर्ज करावा लागतो. मुली त्याला इंटर्नशिप म्हणतात. मला आपला जुना ‘उमेदवारी’ हा शब्द बरा वाटतो.

आमच्या शेजारच्या वहिनींची मुलगी, तिला आपण इथे धाकटी म्हणू, पुण्याला कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहे. रोज मळवलीहून लोकलने जाते-येते. मागच्या वर्षी ती माझ्याकडे आली. “काकू, तुमचं इंग्रजी चांगलं आहे, अर्ज लिहून द्या ना!” मी शाळेत अर्धवेळ शिकवते, तेव्हा कुणी असं म्हटलं की मूठभर मांस चढतंच. बसले लिहायला. ‘मी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि जिज्ञासू विद्यार्थिनी असून आपल्या नामांकित संस्थेत ज्ञानार्जनाची संधी मिळाल्यास मी स्वतःला धन्य समजेन,’ अशा अर्थाचं ते इंग्रजी होतं. निबंधाला दहापैकी आठ मिळाले असते. धाकटीने तोच अर्ज वरचं नाव बदलून बावीस ठिकाणी ई-मेलने पाठवला. एके ठिकाणी नाव बदलायचंच राहिलं, म्हणजे एका फर्मला दुसऱ्याच फर्मची स्तुती वाचायला मिळाली! बावीसांपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. पोरीचं तोंड उतरलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शब्द माझे होते.

पुढे मार्चमध्ये शाळेच्या मुलांना घेऊन आमच्या लेण्यावर गेले होते. एकवीरेच्या दर्शनाची गर्दी ओलांडून चैत्यगृहात शिरलं की खांबांवर ब्राह्मी अक्षरं दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिलं त्यांचे ते लेख. मुलांना अर्थ सांगत होते. धेनुकाकट गावच्या यवनाने दिलेला खांब. त्याच गावच्या गंध्याचं, म्हणजे सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याचं दान. सामी नावाच्या सुताराने केलेलं दार. कुठला, कोण, काय दिलं, एवढंच. ‘मी फार उदार आहे’ असं त्यांतल्या कुणी लिहिलेलं नाही. मोठेपणा सांगितला आहे तो वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने. हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम, असं तो म्हणतो. पण त्याला दाखवायला अख्खं लेणं होतं हो! आम्ही अर्जात विशेषणांची रास घातली होती आणि दाखवायला खांबसुद्धा नव्हता.

घरी आल्यावर धाकटीला बोलावलं. म्हटलं, “कष्टाळू वगैरे राहू दे. तू आजवर काय केलंस ते सांग.” ती म्हणाली, “काही नाही काकू.” असं प्रत्येक मुलगी म्हणते, म्हणून आपण उकरून विचारायचं. तासाभराने तिच्या तोंडून निघालं ते असं.

त्यांची थोडी जमीन विकायची होती. एक्सप्रेस-वे झाल्यापासून आमच्या मावळात जमिनीला काय भाव आलाय ते मी सांगायला नको. मुंबईचा गिऱ्हाईक आला, त्याच्याकडे शेतकरी असल्याचा दाखलाही होता. तो नसता तर आपल्याकडे कूळकायद्याने शेतजमीन घेताच येत नाही. बोलणी ठरली. धाकटीने सहज म्हणून सातबारा हातात घेतला आणि त्यावरच्या फेरफार नोंदी एकेक करून मागे वाचत गेली. आजोबा वारल्यावर वारस म्हणून नावं लागली होती ती फक्त तिच्या वडिलांची आणि काकांची. आत्याचं नावच नव्हतं. मुलगी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. धाकटीने हे जेवताना सांगितलं. वडील आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. साहजिकच आहे, पैशाचे दोन वाटे होणार होते तिथे तीन होणार! पण मग गिऱ्हाइकाच्या वकिलांनीही तीच शंका काढली. आत्याची नोंद झाली आणि खरेदीखतावर तिघांच्या सह्या झाल्या.

“अगं, मग हे अर्जात का नाही लिहिलंस?” तर म्हणे, “ते घरचं आहे काकू. आणि वडिलांविरुद्ध लिहिल्यासारखं वाटतं.”

पाहा, मोठ्या फर्मचे वकील दिवसभर जे करतात तेच या मुलीने स्वयंपाकघरात बसून केलं होतं! आम्ही ते चार ओळींत लिहिलं. नाव नाही, गट नंबर नाही, रक्कम नाही. मावळ तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या जमीनविक्रीत जुन्या मराठी नोंदी वाचल्या, एक वारस सुटल्याचं लक्षात आणून दिलं, दुरुस्तीनंतर व्यवहार पुरा झाला. घरचं असो वा वकिलांच्या कचेरीतलं, पक्षकाराची ओळख अर्जात उघड करायची नाही. तो या धंद्याचा पहिला धडा, आणि नावं गाळलेली वाचणाऱ्याच्या ध्यानात येतात.

मराठी माध्यमाची लाज तिच्या मनात होती, तीही काढून टाकली. महाराष्ट्रातल्या जमिनीचे कागद मराठीतच असतात. फर्मला ते वाचणारं माणूस लागतंच. तेव्हा ‘मराठी उत्तम, सातबारा व फेरफार वाचता येतात’ ही ओळ वर आणली. एका विषयात केटी लागली होती, तेही लपवलं नाही. पुढच्या खेपेचे गुण शेजारी लिहिले आणि पुढे गेलो.

मग ‘तुमच्याकडेच का’ हा भाग. इथे घाई करू नका. बावीस अर्जांऐवजी या वेळी सहाच केले. प्रत्येक फर्म अलीकडे कोणत्या कामात होती ते धाकटीने आधी वाचून काढलं आणि त्यातल्या एका कामाबद्दल आपल्याला नेमकं काय समजून घ्यायचंय ते दोन वाक्यांत लिहिलं. सगळं मिळून एक पान. पाठवण्यापूर्वी मोठ्याने वाचून पाहिलं. वरचं नाव दोनदा तपासलं, हे सांगायला नकोच!

नियमांचंही सांगून ठेवते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान २० आठवडे आणि तीन वर्षांच्यात १२ आठवडे अशी उमेदवारी करावीच लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त चालत नाही. शिवाय एकदा तरी कोर्टात उभ्या राहणाऱ्या वकिलांकडे काम केलेलं असावं लागतं. धाकटीने ते आधीच वडगावला केलं होतं, आणि नुसतं ‘अनुभव घेतला’ असं न लिहिता तिथे कोणते कागद हाताळले ते लिहिलं. मोठ्या ठिकाणच्या जागा काही महिने आधी भरतात, तेव्हा सुट्टी लागल्यावर अर्ज करून उपयोग नाही. विद्यावेतन कुठे मिळतं, कुठे नाही. जायचं ठरवण्यापूर्वी विचारून घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

वहिनींना मात्र वेगळीच काळजी. “मुलीच्या जातीने एकटीने मुंबईत कशाला जायचं?” मी त्यांना कॉर्नेलिया सोराबजींचं सांगितलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिलेली बाई, पण आपल्याकडे स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा यायला १९२३ साल उजाडलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “ते ठीक आहे, पण राहायचं कुठे?”

सहांपैकी दोघांचं उत्तर आलं. एकाने जागा नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या ठिकाणाहून फोन आला आणि पहिलाच प्रश्न त्या सुटलेल्या वारसाबद्दल होता. नोंद कुठे सापडली, कोणत्या क्रमाने वाचलीस, शंका कशी आली, वीस मिनिटं तेच विचारत होते. धाकटीला एकदाही अडखळावं लागलं नाही.

चार आठवड्यांची उमेदवारी मिळाली आहे. येत्या सोमवारपासून जायचंय. राहायची सोय डोंबिवलीला झाली, आत्याकडे. रविवारी वडील स्वतः सोडायला जाणार आहेत.