हसतील त्याचे दात दिसतील!
घरच्या घरी दात पांढरे करण्याचे उपाय : किती खरे, किती धोक्याचे?

दिवाळी झाली की तुळशीचे लग्न, आणि तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई. या दोन महिन्यांत माणसे जितकी हसतात आणि जितके फोटो काढून घेतात, तितके वर्षभरात काढत नसतील. फोटो पाहताना मग कोणाला तरी आपले दात पिवळे वाटतात आणि सल्ले सुरू होतात. शेजारच्या वहिनी लिंबू आणि खाण्याचा सोडा सुचवतात, मामी हळद-मीठ-तेल सांगतात, कन्यारत्न मोबाइलवर कोळशाची पेस्ट दाखवते. कोणी केळ्याची साल घासते, तर कोणी निळ्या दिव्याची पेटी घरपोच मागवते. वाशी, नेरूळ, खारघरच्या सोसायट्यांतून हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. यांतल्या कशाने दात खरोखर उजळतात आणि कशाने कायमचे बिघडतात, हे सणाच्या गडबडीतही दोन घटका बसून समजून घेण्यासारखे आहे.

काळ्या दातांचे कौतुक

गंमत अशी, की पांढऱ्याशुभ्र दातांचे वेड आपल्याकडे फार जुने नाही. एके काळी सुवासिनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करीत, आणि काळे दात हे सौभाग्याचे लक्षण मानले जाई. दातवणात हिराकस असे, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि जोडीला हिरडा, मायफळ यांसारखे तुरट जिन्नस. लोखंड आणि तुरट द्रव्य एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाईदेखील याच मेळातून होत असे.

हा इतिहास सांगण्याचे कारण आहे. चहातही तेच तुरट द्रव्य असते. दिवसातून चार-पाच वेळा कडक चहा घेणाऱ्याच्या दातांवर जो तपकिरी थर चढतो, तो दातवणाचाच दूरचा भाऊ. हा डाग दाताच्या वर असतो, आत नसतो. सारी मेख या वर आणि आत यांतच आहे.

दात मुळात पांढरा असतो का?

दाताच्या बाहेरचे एनॅमल हे आपल्या शरीरातले सर्वांत कठीण कवच. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजांचा असतो. पण ते कवच दुधी काचेसारखे अर्धपारदर्शक असते आणि त्याच्याखालचा डेंटिनचा थर मुळातच पिवळसर असतो. तो पिवळेपणा वरून दिसतो. म्हणजे किंचित पिवळी झाक हा रोग नव्हे, तो निरोगी दाताचा स्वाभाविक रंग आहे. वय वाढते तसे एनॅमल झिजते, आतला थर गडद होतो, आणि दात अधिक पिवळे दिसू लागतात.

हाड मोडले तर सांधते, कातडी खरचटली तर भरून येते. एनॅमल मात्र एकदा गेले की पुन्हा तयार होत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंतच असतात. तेव्हा एनॅमल घासून दात पांढरा करू पाहणारा माणूस प्रत्यक्षात आतला पिवळा थर वर आणीत असतो!

लिंबू, सोडा आणि कोळसा

आता एकेक उपाय पाहू. पहिले लिंबू. लिंबाचा रस अत्यंत आम्ल असतो. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात, आणि लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या आसपास असतो. 'दात आंबले' असे आपण म्हणतो, ती या आम्लाची पहिली सूचना. लिंबू चोळून लगेच दात चकचकीत दिसले, तर ते मऊ पडलेल्या पृष्ठभागाचे लक्षण असू शकते. त्यावर ब्रश फिरवणे म्हणजे ओल्या भिंतीचा रंग खरवडणे. सोड्याने लिंबाचे आम्ल मारले जाते, असे समजूनही ते मिश्रण वापरू नये. घरच्या मापात किती आम्ल उरले, हे डोळ्यांना कळत नाही.

नुसता खाण्याचा सोडा त्या मानाने सौम्य. तो आम्ल नाही आणि एनॅमलपेक्षा मऊ आहे. वरवरचा चहाचा डाग त्याने थोडा निघतो, एवढेच. दाताचा मूळ रंग तो बदलत नाही, आणि त्यात दाताला बळ देणारे फ्लोराइडही नसते.

कोळसा म्हणजे आपली जुनी राखुंडीच, नव्या डबीत बसून महाग झालेली. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या दंतमंजनांवरील अभ्यासांचा आढावा आला. ती गुणकारी वा सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. भरड पूड रोज घासली तर कवच झिजते, आणि तिचे काळे कण हिरडीच्या कडेला व दातांच्या भेगांत अडकतात ते वेगळेच.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाण्यास उत्तम, घासण्यास नव्हे. स्ट्रॉबेरी आणि सोड्याच्या घरगुती मिश्रणाची अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात तपासणी झाली, तेव्हा दात खऱ्या अर्थाने पांढरे झाल्याचे आढळले नाही. तेलाच्या गुळण्यांनी तोंडाला बरे वाटेल, पण त्यांनी रंग उजळल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

आणि काही पेस्टींनी घासताच दात पांढरे दिसतात, ते कसे? त्यांत निळसर रंगद्रव्य असते. पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात, तोच न्याय! तास-दोन तास पिवळेपणा झाकला जातो, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या.

खरोखर उजळणारे रसायन

दाताच्या आतला रंग फिका करणारे द्रव्य म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ते मुक्त करणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. १९८९ मध्ये हेवूड आणि हायमन या अमेरिकन दंततज्ज्ञांनी घरी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दातांच्या मापाचा पातळ साचा बनवायचा, त्यात दहा टक्क्यांचे कार्बामाइड पेरॉक्साइड भरायचे आणि रात्री तो घालून झोपायचे. या दहा टक्क्यांतून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. या पद्धतीने दात उजळतात, पण थंड पाण्याने कळा येणे आणि हिरड्या चुरचुरणे हे त्रास अनेकांना होतात. बहुधा ते थोड्या दिवसांत थांबतात. उजळपणाही कायमचा नसतो, काही काळाने तो ओसरतो.

युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशाने ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि सहा टक्क्यांपर्यंतची अशी द्रव्ये दंतवैद्यामार्फतच द्यावीत, आणि अठरा वर्षांखालील मुलामुलींना देऊच नयेत, असे ठरवले. घरपोच आलेल्या पेटीत सगळ्यांसाठी एकच साचा असतो. तो नीट बसत नाही आणि औषध हिरडीवर ओघळते. दातात कीड असेल तर ते आत झिरपून वेदना वाढवते. भरलेला दात किंवा बसवलेली टोपी तर या औषधाने उजळतच नाही. मग शेजारचे दात पांढरे आणि पुढचा एकच पिवळा, अशी फजिती होते.

सर्वांत घातक 'दंतमंजन'

या साऱ्या उपायांत एकाचे नाव घेताना हसू येत नाही. ते म्हणजे मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, पूड करून ती दातांना लावायची. दात स्वच्छ होतात, दुखायचे थांबतात, अशी समजूत आजही कित्येक आयाबायांत आहे. शहरातल्या घरीदेखील आजीच्या डबीत किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या कनवटीला ती सापडते. मशेरीने दात पांढरे होत नाहीत, उलट डागळतात. निकोटीनमुळे ती सुटत नाही, आणि तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोहोचणार? तिथे घरच्यांनीच प्रेमाने बोलायला हवे. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही कर्करोग संस्था खारघरलाच आहे, हे नवी मुंबईकरांनी विसरू नये.

आधी डाग ओळखा

नवी मुंबईत सगळ्या महाराष्ट्रातून माणसे येऊन वसली आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असते. तिथे बालपण गेलेल्यांच्या दातांवर तपकिरी वा खडूसारखे पट्टे दिसतात. तो अस्वच्छतेचा डाग नव्हे. दात घडत असतानाच तो आत बसलेला असतो, आणि राखुंडीने कितीही घासले तरी निघत नाही. अशा मुलीला 'नीट दात घासत नाहीस' म्हणून टोचून बोलणे हा शुद्ध अन्याय आहे. पडल्यामुळे काळवंडलेला एकच दात असेल, तर त्याची नस मेलेली असू शकते. त्यावर पांढरे करण्याचा नव्हे, तर दंतवैद्याचा इलाज हवा.

म्हणून पहिली पायरी तपासणीची. नेरूळ, खारघर, बेलापूर आणि कामोठे येथे दंतमहाविद्यालये आहेत. पुष्कळदा नुसते कीटण आणि चहाचे डाग यंत्राने साफ केले, की निम्मी तक्रार तिथेच मिटते. त्यानंतरही रंग उजळावासा वाटला, तर साचा आणि औषध दंतवैद्याकडूनच घ्यावे. गरोदरपणी हा खटाटोप करू नये.

घरी करण्याजोगे उपाय साधेच आहेत. मऊ ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोन वेळा, हलक्या हाताने. चहा किंवा फराळानंतर साध्या पाण्याने खळखळून चूळ. आंबट खाल्ल्यावर मात्र अर्धा तास ब्रशला हात लावू नये. लग्न जवळ आले म्हणून आदल्या आठवड्यात लिंबू चोळण्याची घाई तर मुळीच नको. लग्नाचा फोटो एका दिवसाचा, दाताचे कवच जन्माचे. थोडेसे पिवळसर का होईनात, चकली कडाकड फोडणारे दातच खरे देखणे!