किती मेगापिक्सेल, किती झूम?

पहिला डीएसएलआर घ्यायला निघालेला माणूस दुकानात दोन प्रश्न हमखास विचारतो: किती मेगापिक्सेलचा आहे, आणि झूम किती? दुकानदारालाही हे प्रश्न सोयीचे पडतात, कारण दोन्हींची उत्तरं खोक्यावर छापलेली असतात. मग शाळेच्या गॅदरिंगला मुलीचा नाच टिपायला जावं, तर फोटोत तिचे हातपाय फराटे मारल्यासारखे दिसतात आणि खापर कॅमेऱ्यावर फुटतं. खरं तर कॅमेऱ्याचा दोष फारसा नसतो. पैसे भलत्या ठिकाणी गेलेले असतात.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकू. ए-फोर आकाराच्या कागदावर ३०० डीपीआयने उत्तम प्रिंट काढायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात. फोर-के टीव्हीचा पडदा साधारण ८.३ मेगापिक्सेलचा असतो. कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५०० हे अगदी सुरुवातीच्या पायरीवरचे कॅमेरे, तेही २४ मेगापिक्सेलचे आहेत. शिवाय १२ चे २४ झाले म्हणून तपशील दुप्पट होत नाही. लांबी-रुंदीत प्रत्येकी जेमतेम १.४ पट वाढ होते. पक्ष्याचा फोटो निम्म्याहून जास्त कापून वापरायचा असेल तर जादा मेगापिक्सेल कामाला येतात. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या फोटोंसाठी त्याचा विचार करण्यात अर्थ नाही.

फुल फ्रेम तेवढा खरा कॅमेरा?

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. निकॉनचा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६, कॅननचा त्याहून किंचित लहान. क्षेत्रफळ दुपटीहून जास्त असल्याने कमी उजेडात फुल फ्रेमला साधारण एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा, फायदा मिळतो, आणि तो खरा आहे. पण त्या सेन्सरला पुरणाऱ्या लेन्स जड आणि महाग असतात. सगळं बजेट बॉडीत घालून तिच्यावर मिळेल ती लेन्स चढवायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

इथेच आणखी एक घोळ होतो. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स ‘७५ ची होते’ असं सांगतात (कॅननवर ८०). लेन्स तीच राहते. सेन्सर लहान असल्यामुळे चित्राचा मधला भागच टिपला जातो, म्हणून दृश्य जवळ आल्यासारखं वाटतं.

किट लेन्स टाकाऊ असते?

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ ची किट लेन्स घ्यायचीच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. उन्हात, सहलीत, कासच्या पठारावर ती उत्तम काम देते. तिचं घोडं अडतं ते उजेड कमी झाल्यावर, आणि का अडतं हे एकदा आकड्यांत पाहिलं की पुढची बरीचशी खरेदी सोपी होते.

गॅदरिंगचाच प्रसंग घ्या. किट लेन्स ५५ मिलिमीटरवर नेली की तिचं ॲपर्चर फार तर एफ ५.६ पर्यंत उघडतं. समजा आयएसओ ३२०० वर कॅमेरा १/३० सेकंदाचा शटर स्पीड देतोय. एवढ्या वेळात नाचणाऱ्या मुलीचा हात फ्रेममध्ये बराच सरकतो, म्हणजे फोटो गेला. त्याच जागी ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. आयएसओ तोच ठेवून शटर स्पीड १/३०० च्या आसपास पोचतो आणि हात जागच्या जागी थिजतो. हा फरक नव्या बॉडीने पडला नसता. कॅनन आणि निकॉन दोन्हींकडे ही लेन्स त्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्समध्ये मोडते.

‘पण माझ्या लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे की!’ असेल. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं. समोरचा माणूस हलत असेल तर त्याचं ते काहीही करू शकत नाही. स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर काढलेल्या नाचाच्या फोटोत रंगमंचाचा पडदा लख्ख येतो आणि मुली धूसर.

आयएसओ वाढवायला घाबरणं हाही याच घोळाचा भाग. आयएसओ चढला की फोटोत दाणे येतात हे बरोबर. पण दाणे सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी कमी करता येतात आणि छोट्या प्रिंटमध्ये तर जाणवतही नाहीत. हललेला फोटो कोणालाच दुरुस्त करता येत नाही. अंधाऱ्या हॉलमध्ये आयएसओ १०० वर अडून बसणाऱ्याला मी तरी शिस्तीचा म्हणणार नाही.

आता ५० ची लेन्स डोक्यावर घेऊन नाचायचीही गरज नाही. क्रॉप कॅमेऱ्यावर तिचं दृश्य अरुंद असतं. दहा बाय बाराच्या खोलीत हळदीकुंकवाला जमलेल्या सगळ्या बायका तिच्यात मावणार नाहीत. पाठ भिंतीला टेकली तरी कोणीतरी कापलं जातंच. घरातलेच फोटो जास्त काढणार असाल तर निकॉनवर ३५ मिलिमीटर एफ १.८ ची डीएक्स लेन्स जास्त सोयीची. कॅननवर २४ मिलिमीटर एफ २.८ ची चपटी, खिशात मावणारी लेन्स आहे. तिचं ॲपर्चर थोडं लहान, पण खोली जास्त मावते.

झूमचा आकडा

मोबाइलमुळे ‘किती एक्स’ ही भाषा रुळली. डीएसएलआरच्या लेन्सला ती लावली की फसगत होते, कारण एक्स म्हणजे मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागून आलेली संख्या. १८-५५ ची लेन्स तीन एक्स. सहाशे मिलिमीटरची लेन्स एक एक्स, कारण ती झूमच होत नाही. लांबचं किती जवळ येईल हे दुसरा आकडा सांगतो.

तरी तेवढा आकडा बघूनही भागत नाही. कॅननच्या ७५-३०० आणि ५५-२५० या दोन लेन्स शेजारी ठेवल्या तर नवखा माणूस ३०० वर बोट ठेवतो. पण त्या ७५-३०० मध्ये स्टॅबिलायझेशन नाही आणि ३०० मिलिमीटरवर तिचं चित्र मऊ पडतं. हातात धरून ३०० मिलिमीटरवर फोटो काढायचा तर क्रॉप कॅमेऱ्यावर शटर स्पीड किमान १/५०० हवा असा ढोबळ नियम आहे. भिगवणला पहाटेच्या उजेडात, डुलत्या होडीतून तो मिळणं कठीण. ५५-२५० मध्ये स्टॅबिलायझेशन असतं आणि शेवटच्या टोकालाही ती बरीच स्पष्ट राहते. २५० आणि ३०० मधला फरक फोटो थोडा कापून भरून निघतो. आणि खरं सांगायचं तर तिथल्या उजनीच्या पाण्यातले रोहित पक्षी दूर असतील तेव्हा दोन्ही लेन्स तोकड्याच पडतात.

माउंट बसला म्हणजे लेन्स चालली?

मुंबईत फोर्टच्या बोरा बझारमध्ये किंवा ओळखीतून वापरलेली लेन्स घेताना निकॉनवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, त्यामुळे जुन्या कितीतरी लेन्स नव्या बॉडीवर खटकन बसतात. पण डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ डी ही लेन्स स्वस्त म्हणून घेतली तर त्या कॅमेऱ्यांवर फोकस प्रत्येक वेळी हाताने फिरवावा लागतो. नावात ‘एएफ-एस’ असलेली घ्या, तिच्यात स्वतःची मोटर असते. कॅननच्या १९८७ पासूनच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच. तिथली अडचण निराळी: क्रॉप सेन्सरसाठीच्या ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाहीत.

‘डीएसएलआर संपला, आता घेऊ नका’

यात तथ्य आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. २०१८ मध्ये कॅननने आर आणि निकॉनने झेड ही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची मालिका आणली आणि सगळा जोर तिकडे वळवला. १डी एक्स मार्क थ्री हा आपला शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर असेल, असं कॅननचे प्रमुख फुजिओ मितराई यांनी २०२१ च्या अखेरीस सांगितलं. निकॉनने डी३५०० बनवणं बंद केलं. त्यामुळे व्हिडिओची आवड असेल आणि नवाच कॅमेरा घ्यायची ऐपत असेल तर सरळ मिररलेस घ्यावा. डोळ्यांवर पकड ठेवणारा त्याचा फोकस खरोखरच पुढचा आहे.

पण लोक मिररलेसकडे गेले की त्यांचे डीएसएलआर बाजारात येतात, आणि हात बसवायचा आहे अशा माणसाला ते परवडतात. काल चांगले फोटो देणारा कॅमेरा कंपनीने बनवणं थांबवलं म्हणून आज वाईट फोटो देत नाही. डी३५०० ची बॅटरी एका चार्जमध्ये १,५५० फोटो देते असा कंपनीचा दावा आहे. छोट्या मिररलेसची त्या मोजणीत निम्म्यालाही पोचताना दमछाक होते. लेन्सही वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आर मालिकेवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एएफ-एस लेन्सही एफटीझेड अडॅप्टरवर चालतात. वरची स्वस्त डी लेन्स मात्र तिथेही हातानेच फिरवावी लागते.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडलंय ते विचारा. निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्ये तो आकडा नोंदलेला असतो. डी३५०० चं शटर एक लाख वेळांसाठी तपासलेलं आहे. लेन्स मात्र डोळ्यांनीच तपासावी लागते. दोन्हीकडची झाकणं काढा, ॲपर्चर उघडं करून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च धरा आणि दुसरीकडून तिरकं बघा. धुळीचे चार कण असले तरी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर तो फंगस आहे आणि ती लेन्स तशीच परत द्यायची, भाव कितीही पाडून सांगितला तरी. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत दिवस काढलेल्या लेन्समध्ये हे नेहमीचं आहे.

दुकानदार कॅमेऱ्याबरोबर जे ‘फुकट’ देतो त्यातली बॅग सामान बाहेर न्यायला ठीक, पण फंगस टाळायचा तर पावसाळ्यात कॅमेरा तिच्यात घालून कपाटात ठेवू नका. कापड आणि फोम ओल धरतात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि जमल्यास शे-दोनशेचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, एवढ्यावर भागतं. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तो वर सरकू लागला की पुड्या बदला.