सहकुटुंब कच्च्या वाटेवर : जळगाव-धुळे

कधी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. पावसाळ्यात कपाशीची काळी जमीन चाकांना थरावर थर चिकटते. टायरच्या खाचा बुजल्या की चाक जागीच फिरतं, मग गाडी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी) असो वा नसो. मुरमाड वाट त्या मानाने सोपी.

कुठे
• पाटणादेवी (चाळीसगाव) : गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. गणिती भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने काढलेल्या मठाचा शिलालेख इथलाच.
• पाल (रावेर) : सातपुड्यातलं थंड हवेचं ठिकाण. शेजारी यावल अभयारण्य, १९६९ पासून, सुमारे १७७ चौ. किमी.
• लळिंग (धुळे) : मुंबई-आग्रा महामार्गालगत. किल्ला मात्र पायीच.

परवानगी : अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने आणि ठरलेल्या वाटेनेच. कायदा : वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. शेतरस्त्यावर शेतकऱ्याला विचारून. उभ्या पिकात चाक नको.

फोर-एच की फोर-एल? फोर-एच (हाय रेंज) सैल माती-खडीवर, मध्यम वेगात. फोर-एल (लो रेंज) तीव्र चढ-उतारावर, अगदी हळू. वेग कमी, ओढ जास्त. साध्या फोर-बाय-फोरमध्ये कोरड्या डांबरीवर दोन्ही बंद, नाहीतर गिअरवर ताण येतो.

टायरमधली हवा : डांबरीवर साधारण ३०-३५ पीएसआय, वाळूत २० च्या आसपास. परतताना पुन्हा भरायची. त्यासाठी छोटा पंप सोबत हवाच.

सोबत : दुसरी गाडी, ओढायचा पट्टा, फावडं, स्टेपनी, माणशी किमान ४ लिटर पाणी. नाल्यात गाडी घालण्याआधी पायी उतरून पाहावा. मुलं तेवढा वेळ काठावर.