मोबिलिटी स्कूटर घेताना आधी उंबरा मोजा

घरात चार पावले चालता येतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाणे जमत नाही, अशी अवस्था अनेक ज्येष्ठांच्या वाट्याला येते. गुडघ्यांची झीज, संधिवात किंवा चालताना लागणारी धाप ही त्यामागची नेहमीची कारणे. बाहेर पडायचे तर मुलगा किंवा सून मोकळी होईपर्यंत थांबावे लागते आणि हळूहळू बाहेर पडणेच बंद होते. बॅटरीवर चालणारी, घडी करून गाडीच्या डिकीत ठेवता येणारी मोबिलिटी स्कूटर ही अडचण बऱ्याच अंशी दूर करू शकते. मात्र ती दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर नव्हे, तर आपल्या घरापासून बाजारापर्यंतच्या वाटेवर चालणार आहे, हे लक्षात ठेवूनच निवड करायला हवी.

पहिला प्रश्न, ती चालवणार कोण? ही स्कूटर दांड्याने वळवावी लागते. त्यासाठी ताठ बसता येणे, दोन्ही हातांत पुरेशी ताकद असणे आणि नजर चांगली असणे आवश्यक आहे. हे शक्य नसेल तर बोटाने फिरवायच्या कळीवर चालणारी विद्युत चाकाची खुर्ची अधिक योग्य. याबाबत डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला आधी घ्यावा.

वजन ही फसगतीची पहिली जागा. ‘सुटसुटीत’ म्हणवणाऱ्या बहुतेक स्कूटर २० ते ३० किलोंच्या असतात. भरलेला घरगुती गॅस सिलिंडर साधारण ३० किलोंचा भरतो, यावरून कल्पना यावी. घडीची स्कूटर एकसंध उचलावी लागते; सुटे भाग होणारी जोडायला वेळ घेते, पण एकेक भाग हलका असतो. म्हणून एकूण वजनापेक्षा ‘सर्वांत जड भाग किती किलोंचा?’ हे विचारावे आणि रोज जो तो उचलणार आहे, त्याने दुकानातच उचलून पाहावा.

तीन चाकांची स्कूटर अरुंद जागेत चटकन वळते, तर चार चाकांची उतारावर व खडबडीत रस्त्यावर अधिक स्थिर राहते. लहान चाके वाळूत रुततात आणि उंच उंबऱ्यावर अडतात. त्यामुळे दरवाजाची रुंदी, उंबऱ्याची उंची आणि वळणाची जागा टेपने मोजूनच दुकानात जावे.

गोव्यातील जुन्या घरांची जोती उंच असतात. बल्कांवाला १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर एकास बारा या मान्य प्रमाणानुसार उतरंड ५.४ मीटर लांब लागते. अंगणात एवढी जागा नसेल, तर स्कूटर खालीच आडोशाला ठेवावी लागेल. अशा वेळी बॅटरी काढून घरात चार्ज करता येणारे मॉडेलच घ्यावे. पावसाळ्यात झाकण आवश्यक. विजेचे भाग भिजू देऊ नयेत.

एका वेळच्या चार्जिंगमध्ये गाठता येणारे जे अंतर जाहिरातीत दिलेले असते, ते सपाट रस्ता, हलका चालक आणि नवी बॅटरी गृहीत धरून काढलेले असते. पणजीतील आल्तिनोसारख्या चढावर बॅटरी भराभर उतरते. रोजच्या गरजेच्या दुप्पट पल्ला हाताशी असावा. ब्रेकबाबत एक गोष्ट घरातील सर्वांनी शिकून घ्यावी. अशा बहुतेक स्कूटरमध्ये वेगाची कळ सोडताच ब्रेक आपोआप लागतो. परंतु हाताने ढकलण्यासाठी असलेला खटका मोकळा केला, की तो ब्रेक निकामी होतो. म्हणून उतारावर हा खटका कधीही उघडू नये.

विमानप्रवास करायचा असेल तर बॅटरीचे गणित खरेदीपूर्वीच मांडावे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार म्हणजे वॉट-तास. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार काढता येणारी लिथियम बॅटरी ३०० वॉट-तासांपर्यंत, अथवा दोन असल्यास प्रत्येकी १६० पर्यंत चालते. म्हणजे २४ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी २४० वॉट-तासांची, म्हणून मर्यादेत. १५ अँपिअर-तासांची मात्र ३६० वर जाते आणि अडते. काढलेली बॅटरी सामानात न टाकता स्वतःजवळ बाळगावी लागते. विमान कंपनीची संमती तिकीट काढतानाच घ्यावी आणि बॅटरीवरील आकडे स्पष्ट वाचता येतील, याची खात्री करावी.

सार्वजनिक जागा अडथळाविरहित असाव्यात, असे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो. तरीही पदपथावरील उंच कडा आणि उघडी गटारे आजही वाट अडवतात. म्हणूनच विक्रेत्याकडे आपल्या वाड्यावर येऊन चाचणी देण्याचा आग्रह धरावा. सुटे भाग आणि दुरुस्ती जवळपास मिळते का, तेही विचारावे. चाचणीच्या दिवशी घरच्यांनी थोडे दूर उभे राहावे. कोणाला हाक न मारता त्या व्यक्तीला दुकानापर्यंत जाऊन परत येता आले, तरच ती स्कूटर तिच्या उपयोगाची.