हाडांत शिरलेली वेदना आणि संप्रेरकांचा लगाम

सत्तरीतल्या माणसाची कंबर दुखू लागली की घरचे म्हणतात, वय झाले. तेल चोळणे, पट्टा बांधणे, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणे यात दोन-चार महिने जातात. रात्री आडवे पडूनही दुखणे थांबत नाही, तेव्हा डॉक्टर आठवतो. अशा काहींच्या रक्तातील ‘पीएसए’ शेकड्यांत निघतो आणि हाडांच्या स्कॅनमध्ये मणके, खुबा, बरगड्यांवर डाग दिसतात. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग हाडांत पोहोचलेला असतो.

या टप्प्यावर आजार मुळापासून जात नाही. वेदना मात्र बहुतेकांची कमी होते. या कर्करोगाच्या पेशी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर पोसतात आणि ते मुख्यतः वृषणांत तयार होते. १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवून दिले की, वृषणे काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिले तर हा रोग मागे हटतो. त्यासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले.

शस्त्रक्रिया छोटी असते. टेस्टोस्टेरॉन एका दिवसाच्या आत कोसळते आणि कूसही बदलता न येणारा रुग्ण काही दिवसांत उठून बसल्याचे अनेकदा दिसते. दुसरा मार्ग ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन यांसारख्या इंजेक्शनांचा. ती दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी घ्यावी लागतात. यात एक मेख आहे. पहिल्या इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन आधी वाढते, मग तीन-चार आठवड्यांत उतरते. त्या काळात दुखणे बळावू शकते, मणक्यात गाठ असेल तर मज्जारज्जूही दाबला जाऊ शकतो. म्हणून बायकॅल्युटामाइडची गोळी काही दिवस आधीपासून देतात. चिठ्ठीवरची ही गोळी ‘किरकोळ’ समजून गाळू नये. डेगारेलिक्स या इंजेक्शनात ही वाढ होत नाही.

शस्त्रक्रियेचे नाव निघाले की रुग्ण मान खाली घालतो, मुलगा ‘करून टाका’ म्हणतो आणि बायकोला कोणी विचारतच नाही. ‘पुरुषपण जाईल’ ही भीती असते. ती खोटी नाही, पण कामेच्छा इंजेक्शननेही मंदावते, हे आधी सांगायला हवे. फरक इतकाच की इंजेक्शन थांबवता येते, शस्त्रक्रिया उलटवता येत नाही. उलट खर्च, एसटीचा प्रवास आणि चुकलेली तारीख यांचा हिशेब केला तर गावाकडच्या रुग्णाला एकदाच होणारी शस्त्रक्रियाच सोयीची ठरते. निवड मात्र त्याचीच असावी.

अंगातून गरम वाफा येणे, थकवा, वजन व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे त्रास दोन्हींत होतात. रोज चालणे, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांचा उपयोग होतो. काही काळाने रोग या उपचाराला जुमानेनासा होतो. तेव्हा अबिराटेरॉन, डोसीटॅक्सेल ही औषधे असतात. एकाच ठिकाणच्या दुखण्यावर रेडिएशनची एक मात्राही पुष्कळदा पुरते. मॉर्फीनलाही घाबरण्याचे कारण नाही.

पाय जड वाटू लागले, बधिर झाले किंवा लघवी अडकली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पाय पूर्ण लुळे पडल्यावर पुन्हा चालता येण्याची शक्यता फार थोडी उरते.